खेकड्याचा भाव आणि माणसाचा जीव

रविवारची रात्र होती. जेवणे उरकून आम्ही सारे घरातले टीव्हीपुढे बसलो होतो. धाकट्याने डिस्कव्हरी वाहिनी लावली. पडद्यावर काळाकुट्ट समुद्र, घराएवढ्या लाटा आणि त्या लाटांत हेलकावणारी एक लोखंडी नाव. नावेवर नारिंगी कपड्यांतली पाच-सहा माणसे. बर्फाने दाढ्या गोठलेल्या. एक भलामोठा लोखंडी पिंजरा दोरावर लोंबकळत येतो आणि ती माणसे त्याच्यावर झेप घेतात.

आमची आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "एवढं काय धरत्यात रं ते?"

"आजी, खेकडे."

"खेकडं? आन् त्यापायी एवढा जीव धोक्यात?"

आमचे मूळ गाव मावळात. लहानपणी आम्ही पाहिले आहे, पहिला पाऊस झाला की आई आणि तिच्या जावा बत्ती घेऊन ओढ्याला जात आणि खेकड्यांची चुंगडी भरून आणीत. आठवडाभर कोरड्यास मिळत नसे, त्या दिवसांत तेवढाच घरात रस्सा होई. बिळात हात घातला की कधी नांगीचा चावा बसे, कधी सापाची भीती. तिला खेकड्याचे मोल ठाऊक आहे. म्हणूनच तिचा प्रश्न आम्हास गप्प बसू देईना. खेकड्यापायी माणसे मरतात ती का? समुद्र क्रूर आहे म्हणून, की आणखी काही कारण आहे?

आम्ही पडलो कारकून. जमा-खर्चाच्या दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. म्हणून या प्रश्नाचा जेवढा अभ्यास करता आला तेवढा केला. तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

समुद्र कुठला, काम कसले

अमेरिकेचे अलास्का हे राज्य थेट उत्तर ध्रुवाच्या अंगाला आहे. अलास्का आणि रशिया यांच्यामध्ये बेरिंग समुद्र पसरला आहे. तेथील उनालास्का गावचे डच हार्बर हे बंदर म्हणजे या खेकडेमारीचे मुख्य ठाणे. 'किंग क्रॅब' नावाचा तांबडा, काटेरी, पाय पसरले तर लहान मुलाच्या उंचीएवढा भरणारा खेकडा आणि 'स्नो क्रॅब' नावाचा त्याहून लहान खेकडा, हे दोन तेथले मुख्य पीक. किंग क्रॅबचा हंगाम ऑक्टोबरात उघडतो आणि स्नो क्रॅबची मोठी धरपकड जानेवारीपासून पुढे, ऐन थंडीत चालते.

पिंजऱ्याला तेथे पॉट म्हणतात. लोखंडी सळ्यांची चौकट आणि त्यावर जाळी. रिकामा पॉटच पावणेतीनशे ते साडेतीनशे किलोंचा. त्यात हेरिंग किंवा कॉड माशाचे आमिष बांधायचे, तो शेकडो फूट खोल समुद्रात सोडायचा, वर बोया तरंगत ठेवायचा. मग परत येऊन आकडा फेकून बोया पकडायचा, दोर यंत्रावर चढवायचा, पॉट वर ओढायचा, खेकडे निवडायचे. कायद्याने फक्त ठराविक मापाचे नर ठेवता येतात. माद्या आणि पिल्ले परत पाण्यात सोडावी लागतात. मेलेला खेकडा लवकर नासतो, म्हणून माल नावेच्या पोटातील पाण्याच्या टाकीत जिवंत ठेवून बंदरावर आणावा लागतो.

हे काम अठरा-वीस तास सलग चालते. डेक ओला आणि बर्फाळ. पॉट यंत्राने हवेत असतो आणि नाव एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर जात असते. तो झोकांडला तर माणूस चिरडतो. दोराचे वेटोळे पायात अडकले आणि त्याच वेळी पॉट पाण्यात गेला, तर माणूस त्याच्याबरोबर तळाला जातो. समुद्राचे पाणी गोठणबिंदूच्या जवळ असते. त्यात पडलेल्या माणसाच्या हातापायातील बळ काही मिनिटांत जाते. पट्टीचा पोहणारा असला तरी त्याचा उपयोग नाही.

पगार नाही. नावेच्या कमाईत ठरलेला हिस्सा, एवढाच मोबदला. कोकणातील नावांवर जशी वाट्याची पद्धत असते तशीच. नवशिक्या पोराला बहुधा अर्धा हिस्सा. अमेरिकेच्या कामगार कायद्यातील किमान वेतन आणि जादा कामाचा मोबदला या तरतुदींतून मासेमारीचे खलाशी वगळलेले आहेत. खेकडे मिळाले नाहीत तर हाती काही नाही.

गाडी उलटते कशी

माणसे दोन तऱ्हांनी मरतात. एक म्हणजे डेकवरून पाण्यात पडून. दुसरी म्हणजे सबंध नावच बुडून. या दुसऱ्या प्रकारात एका क्षणात पाच-सहा घरे उघडी पडतात.

उसाची बैलगाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना नाव उलटण्याचे कारण समजावून सांगावे लागणार नाही. मोळ्या खाली नीट रचल्या तर गाडी चालते. लोभाने वर वर रचत गेले की एका बाजूचे चाक खड्ड्यात जाताच गाडी कलंडते. खेकड्याच्या नावेवर दीड-दोनशे पॉट डेकवर एकावर एक रचलेले असतात. लाटेचे तुषार उडतात आणि कडाक्याच्या थंडीत पॉटच्या जाळीवर, दोरांवर, कठड्यांवर गोठत जातात. पाहता पाहता नावेच्या माथ्यावर कित्येक टन बर्फ चढते. मग खलाशी लाकडी हातोडे आणि दांडकी घेऊन तासन् तास बर्फ फोडीत बसतात. बर्फ फोडणे थांबले तर नाव कलंडते.

नावेवर किती पॉट न्यावेत याचे गणित तज्ज्ञ इंजिनिअर करून देतो. त्याचे कागद कप्तानाजवळ असतात. आणि आम्ही जसजसे वाचीत गेलो तसतसे दिसू लागले की अनेक अपघातांचे मूळ या कागदात आहे.

१४ फेब्रुवारी १९८३ रोजी डच हार्बरमधून निघालेल्या अमेरिकस आणि अल्टेअर या दोन जोडनावा बुडाल्या. दोन्ही वॉशिंग्टन राज्यातील अ‍ॅनाकोर्टेस या लहानशा गावच्या. १४ माणसे गेली. त्या दिवशी वादळ नव्हते. नावाही जुन्या नव्हत्या. चौकशीत निघाले ते असे की, नावांवर नंतर नवी अवजड सामग्री चढवली होती, पण तिचे वजन स्थैर्याच्या जुन्या हिशेबात धरलेच नव्हते. नाव बदलली, पण कागद तोच राहिला.

११ फेब्रुवारी २०१७ रोजी डेस्टिनेशन ही नाव सेंट जॉर्ज बेटाजवळ सहाही खलाश्यांसह बुडाली. नावेवर २०० पॉट होते, वर बर्फ चढले होते आणि प्रत्येक पॉटचे खरे वजन कागदावर धरलेल्या वजनापेक्षा जास्त होते. ३१ डिसेंबर २०१९ च्या रात्री स्कँडीज रोज बुडाली. सात जणांपैकी दोघेच वाचले. तेथेही नावेच्या स्थैर्याचा हिशेब चुकीचा असल्याचे चौकशीत निघाले.

आम्ही आयुष्यभर रजिस्टरे लिहिली. एका चुकीच्या आकड्याने फार तर ताळेबंद जुळत नाही, साहेब रागावतो, हे आम्हास ठाऊक. पण एका चुकीच्या आकड्याने सहा घरांचा कर्ता पुरुष जातो, हे वाचून आमचा हात काही वेळ थांबला.

तीन दिवसांची शर्यत

आता मुख्य प्रश्न. एवढी घाई, एवढा बोजा, एवढी जागरणे कशासाठी?

१९८० साली ब्रिस्टल उपसागरातून सुमारे १३ कोटी पौंड तांबडा किंग क्रॅब काढला गेला. तो कळस होता. लगेच पुढच्या दोन-तीन वर्षांत खेकडा कोसळला आणि १९८३ मध्ये तेथील हंगाम बंदच ठेवावा लागला. पुढे सरकारने दरवर्षी एकूण किती खेकडा धरायचा याची मर्यादा ठरवून दिली. हे योग्यच झाले. परंतु त्या मर्यादेतला कोणी किती घ्यायचा, हे मात्र ठरवले नाही. ज्याने आधी धरला त्याचा. मर्यादा भरली की सर्वांचा हंगाम संपला.

याचा परिणाम काय झाला असेल, हे रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कोणाही बाईला विचारा. पोती दहाच आहेत आणि रांग नाही असे जाहीर करा, मग काय होते ते पहा. सुमारे अडीचशे नावा एकाच घटकेला सुटत. काही वर्षी किंग क्रॅबचा सबंध हंगाम तीन-चार दिवसांत संपे. त्या तीन-चार दिवसांत जो झोपला तो बुडाला. वादळ आहे म्हणून जो बंदरात थांबला त्याचे वर्ष वाया. कागदावर शंभर पॉटची मर्यादा असली तरी दीडशे नेण्याचा मोह. १९९० च्या दशकात या एका धंद्यात सत्तरहून अधिक माणसे मेली. सबंध अमेरिकेतील धोक्याच्या धंद्यांत हा धंदा अगदी वरच्या क्रमांकावर गणला जाई.

लोक म्हणत, समुद्र माणसे खातो. वाचकहो, समुद्र तर पूर्वीही होता. माणसांना वादळात ढकलले ते नियमाने. आणि जे नियमाने घडते ते नियम बदलून थांबवता येते.

एका आईचा लढा

येथे एका आईची हकीकत सांगितली पाहिजे. पीटर बॅरी हा येल विद्यापीठाचा वीस वर्षांचा विद्यार्थी. १९८५ च्या उन्हाळी सुटीत तो अलास्कात कोडियाककडे सालमन मासेमारीच्या नावेवर कामाला गेला. वेस्टर्न सी ही नाव १९१५ साली बांधलेली, लाकडी, सत्तर वर्षांची. ऑगस्टमध्ये ती बुडाली. सहाच्या सहा जण गेले.

त्याची आई पेगी बॅरी आणि वडील रॉबर्ट बॅरी यांनी चौकशी केली तेव्हा त्यांना कळले की, मासेमारीच्या नावेवर जीव वाचवण्याची पुरेशी साधने असलीच पाहिजेत, असा कायदाच देशात नाही. मुलाच्या दुःखात त्या दोघांनी घर बंद करून घेतले नाही. अशाच बुडालेल्या इतर पोरांच्या घरच्यांना गाठले, संसदेपुढे साक्षी दिल्या, नावांच्या मालकांचा विरोध सोसला. अखेर १९८८ साली मासेमारी नावांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. तराफा, संकटाचा संदेश आपोआप उपग्रहाकडे पाठवणारे यंत्र, थंड पाण्यातही अंग उबदार ठेवणारा, डोक्यापासून पायापर्यंतचा तांबडा पोशाख, आणि या साधनांचा सराव, हे सारे नावांवर आले. हा पोशाख एका मिनिटाच्या आत अंगावर चढवण्याचा सराव करून घेतात. स्कँडीज रोजवरचे जे दोघे वाचले, ते पोशाख अंगात घालून पाण्यात पडले आणि तराफ्यापर्यंत पोहोचले म्हणूनच वाचले.

पुढे १९९९ पासून तटरक्षक दलाने आणखी एक साधी गोष्ट सुरू केली. हंगाम सुटण्याआधीच त्यांची माणसे बंदरात धक्क्यावर जाऊन पॉट मोजू लागली. कागदावर आहेत त्यापेक्षा जास्त दिसले तर नाव सुटत नसे. बुडालेल्याला शोधण्यापेक्षा बुडण्याआधी मोजणे किती स्वस्त! मृत्यूंचा आकडा तेव्हापासून स्पष्ट खाली आला.

जीव वाचला, वाटा गेला

तरी शर्यत चालूच होती. १५ जानेवारी २००५ हा स्नो क्रॅबचा हंगाम उघडण्याचा दिवस. त्याच दिवशी बिग व्हॅली ही नाव बुडाली. सहांपैकी एकच वाचला. नावेवर मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त पॉट होते. तो शर्यतीचा शेवटचा हिवाळा ठरला.

२००५ च्या ऑगस्टपासून नवी पद्धत आली. एकूण खेकड्यातील प्रत्येकाचा हिस्सा आधीच ठरला. तुमचा हिस्सा तुमचाच. आज धरा नाहीतर पंधरा दिवसांनी धरा. वादळ आहे? बंदरात थांबा. तीन-चार दिवसांचा हंगाम तीन महिन्यांचा झाला. मृत्यू आणखी घटले. पुढे कित्येक हंगाम एकही मृत्यू न होता गेले.

येथपर्यंत जमेची बाजू. आता खर्चाची बाजू पाहू.

हे हिस्से वाटले कोणाला? ९७ टक्के नावांच्या परवानाधारक मालकांना. ३ टक्के कप्तानांना. आणि ज्यांनी वीस-वीस वर्षे डेकवर उभे राहून बोटे गमावली, त्या खलाश्यांना? काहीही नाही. मालकांनी हिस्से एकत्र करून थोड्या नावांवर माल धरायला सुरुवात केली. पहिल्याच हंगामात किंग क्रॅबच्या अडीचशे नावांच्या नव्वदच्या आत नावा उरल्या. सुमारे हजार खलाश्यांचे काम गेले.

जे टिकले त्यांचा हिशेब पहा. समजा, नावेने शंभर रुपयांचा खेकडा आणला. पूर्वी त्यातून डिझेल, आमिष, खाणे वजा जाई आणि उरलेल्यात मालक व खलाशी यांचा वाटा होई. आता या शंभरांतून आधी हिस्सेदाराचे भाडे वजा होते. कित्येकदा ते निम्म्याहून अधिक असते. हा हिस्सेदार समुद्रावर जातोच असे नाही. घरात बसूनही त्याचे भाडे पोहोचते. उरलेल्या रकमेतून डिझेल, आमिष, आणि मग खलाशी. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की एका नावेवर आता माल पुष्कळ येतो, म्हणून टिकलेल्या खलाश्याची वर्षाची कमाई पूर्वीपेक्षा भरवशाची झाली. पण शंभरातला त्याचा वाटा आकसला तो आकसलाच.

कसणारा एक आणि सातबारा दुसऱ्याच्या नावे, ही गोष्ट आपल्या वाचकांना नवी नाही. समुद्राचाही सातबारा निघू शकतो, हे मात्र आम्हास नव्याने कळले. नियम चांगला होता. जीव वाचवणारा होता. परंतु नियम लिहिताना मेजाभोवती कोण बसले होते आणि कोण बाहेर उभे होते, त्यावर वाटणी ठरली.

सेंट पॉलची माणसे

या समुद्रात मधोमध सेंट पॉल नावाचे बेट आहे. तेथे उनांगन नावाचे मूळनिवासी राहतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस रशियन व्यापाऱ्यांनी त्यांना तेथे नेले ते सील मारून कातडी काढून देण्यासाठी. १८६७ साली अलास्का अमेरिकेने विकत घेतला. मालक बदलला, परंतु सील मारण्याची सक्ती सुटली नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, या लोकांना बेटावरून उचलून दूरच्या पडक्या छावण्यांत ठेवले. तेथे त्यांची अनेक माणसे रोगराईने मेली.

१९८० च्या दशकात सीलचा धंदा संपला आणि सरकारने हात काढून घेतला, तेव्हा या बेटाला खेकड्याने आणि माशांनी जगवले. १९९२ पासून पश्चिम अलास्काच्या किनाऱ्यावरील ६५ गावांसाठी समुद्राच्या उत्पन्नातील काही हिस्सा राखून ठेवण्यात आला. खेकड्यात आज तो १० टक्के आहे. ज्यांच्या दारातला समुद्र, त्यांना त्यातला राखीव वाटा. ही कल्पना आपणास समजावून देण्याची गरज नाही. खलाश्यांना जे मिळाले नाही ते या गावांना मिळाले, कारण त्यांनी एकत्र येऊन मागितले आणि कायद्यात लिहून घेतले.

खेकडेच गेले तेव्हा

आणि आता नवे संकट. २०१८-१९ मध्ये बेरिंग समुद्राचे पाणी कधी नव्हे इतके तापले. पुढच्या दोन-तीन वर्षांत एक हजार कोटींहून अधिक स्नो क्रॅब नाहीसे झाले. २०२३ साली शास्त्रज्ञांनी कारण मांडले. पाणी गरम झाले की खेकड्याच्या अंगाला अन्न जास्त लागते, आणि तेवढे अन्न समुद्रात नव्हते. खेकडे उपाशी मेले. २०२१ मध्ये ब्रिस्टल उपसागराचा किंग क्रॅब हंगाम बंद झाला. २०२२ च्या ऑक्टोबरात स्नो क्रॅबचा हंगाम इतिहासात पहिल्यांदा बंद ठेवला गेला. किंग क्रॅब २०२३ मध्ये आणि स्नो क्रॅब २०२४ मध्ये पुन्हा उघडला, परंतु अगदी थोड्या मर्यादेत. मधल्या काळात सेंट पॉलच्या कारखान्यात खेकडा आला नाही, गावाचा कर बुडाला. खलाश्याच्या नावावर तर हिस्सा नव्हताच.

आपल्या घरासाठी

आई पुन्हा विचारील म्हणून आम्ही उत्तर तयार ठेवले होते. एके दिवशी तिला सारे सांगितले. नाव कशी उलटते, शर्यत कशी होती, हिस्से कसे वाटले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "म्हंजी मेलं ते समिंदरानं न्हाई. घाईनं मेलं. आन् घाई त्यांची नव्हती."

आम्ही पाच-सहा पाने टिपणे काढली होती. तिने ते एका वाक्यात सांगितले.

वाचक बंधू-भगिनींनो, आपली मुले बेरिंग समुद्रावर जात नाहीत. पण कोणी उंच इमारतीच्या परातीवर चढतो, कोणी टॉवरवर, कोणी कारखान्यात रात्रपाळीला यंत्रापुढे उभा राहतो. तो घरी आला की पगाराची चौकशी आपण करतोच. त्याबरोबर तीन प्रश्न आणखी विचारावेत, आणि ते घरातील बाईने विचारावेत, कारण पेगी बॅरीनेही तेच विचारले. जीव वाचवण्याचे साधन मालकाने दिले आहे काय, आणि ते वापरण्याचा सराव करून घेतला आहे काय? कामाची घाई कोणाच्या फायद्याची आहे? आणि नियम ठरतात तेव्हा त्या मेजापाशी आपला माणूस बसतो काय?

पहिल्या प्रश्नाने जीव वाचतो. दुसऱ्याने डोळे उघडतात. तिसऱ्याचे उत्तर जोवर 'नाही' असे आहे, तोवर वाचलेल्या जिवाचा वाटा दुसऱ्याच्याच वहीत जमा होत राहील.